चिंचोक्याची खळ

नाचणाऱ्याचं म्हातारपण लवकर येतं. माझ्या शाळेतल्या मैत्रिणी आता कुठं मुलांच्या दहावीच्या काळजीला लागल्यात, आणि मी मात्र जिना उतरताना कठडा धरते, थंडीत गुडघ्यांना पट्टे बांधते आणि समोर सापडेल त्याला जुन्या गोष्टी ऐकवते. तेव्हा सदतिसाव्या वर्षी ही बाई आठवणी लिहायला बसली म्हणून कुणी हसू नये. बॅलेच्या धंद्यात एवढ्या वयाला माणूस कधीच बाजूला झालेलं असतं. आणि ज्या एका गोष्टीसाठी हे सगळं लिहायला घेतलं, ती मी वीस वर्षं कुणालाच सांगितली नव्हती. तिच्या जागी एक खोटी गोष्ट सांगत आले, आणि तीही इतक्या वेळा की माझी मलाच खरी वाटायला लागली होती.

आमची वस्ती वेल्ह्याच्या वर, डोंगराच्या खांद्यावर. सात-आठ घरं, त्यांच्या दुप्पट कुत्री, आणि मेंढरं. सकाळ व्हायची ती मेंढरांच्या बेंबाटण्यानं आणि आईच्या जात्याच्या घरघरीनं. नाचणीची भाकरी, शेळीचं दूध आणि तोंडी लावायला लाल मिरचीचा ठेचा. पाहुणा आला तर सुकटीचं कालवण. दुपारी सगळं थंडावलं की आई दारात बसून टकळीवर लोकर कातायची. तिचे हात थांबलेले मी फार कमी वेळा पाहिले. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणतो, जत्रेत गजी नाचायचे. पांढरा झगा, हातात रंगीत रुमाल, मध्ये ढोल, भोवती गडीमाणसं घुमत राहायची. बायकांनी बाजूला बसून बघायचं, नाचायचं नाही. त्यामुळं नाच माझ्या घरातच होता, फक्त माझ्यासाठी नव्हता.

माझ्यासाठी तो सापडला मार्गासनीच्या रस्त्याला, एका बंद पडलेल्या पोल्ट्रीत. तिथं पुण्याहून एक बाई राहायला आल्या होत्या. दमयंतीबाई त्यांचं नाव, पण सगळे त्यांना पोल्ट्रीच्या बाई म्हणायचे. पाय दोन्ही बाजूंना फाकवून चालायच्या, पाठ मात्र काठीसारखी ताठ. आई त्यांच्या बागेला लेंडीखत द्यायची. एकदा पोतं पोचवायला मी तिच्याबरोबर गेले, तर बाई त्या लांबलचक शेडमध्ये पाण्याच्या पायपाला धरून एक पाय खांद्याच्या वर नेऊन उभ्या. मला हसू आवरेना. बाईंनी पाय खाली घेतला, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "हसतेस काय? करून दाखव." मी अकरा वर्षांची होते, डोंगरात वाढलेली. पाय उचलला आणि धाडकन पडले. त्या दिवसापासून आठवड्यातून चार दिवस शाळा सुटली की मी पोल्ट्रीत. जमिनीवर बाईंनी फळ्या ठोकून घेतल्या होत्या, पण पावसाळ्यात कोंबड्यांचा वास यायचाच. आजही कुठं तो वास आला की माझी पाठ आपोआप ताठ होते.

बाईंनी परदेशातल्या एका कंपनीत अठरा वर्षं नाच केला होता. आम्हाला वाटायचं, म्हणजे केवढ्या मोठ्या असतील! त्या स्वतःच आमचा भ्रम मोडायच्या. त्यांच्या कंपनीचा एक गाजलेला बॅले होता, मिठागरातल्या एका मुलीचा. तिचं लग्न ठरतं, आणि लग्नाच्या दिवशी समुद्र गावात शिरतो. शेवटी नवरी एकटी त्या पाण्याशी नाचते. नवरीचं काम एकीला, आणि मागं निळेकरडे कपडे घातलेल्या चोवीस पोरी, त्या लाटा. "मी अठरा वर्षं समुद्र होते," बाई म्हणायच्या, "उजवीकडून पाचवी लाट. नवऱ्या पाच बदलल्या, लाट तीच." बॅलेत बहुतेकांचं आयुष्य असंच जातं, हे मला पुढं कळलं. नाव छापून येतं ते एक-दोघांचं, बाकीच्यांनी रांग सरळ ठेवायची. पण त्या अठरा वर्षांत बाईंनी नवरीचा तो शेवटचा नाच मागं उभं राहून पाहून पाहून पाठ केला होता, आणि तोच मला शिकवला. गंमत अशी की त्यांनी तो फक्त पाठीमागूनच पाहिलेला. हात, खांदे, टाचा, सगळं चोख सांगायच्या, आणि तोंडाचं विचारलं की म्हणायच्या, "ते मला ठाऊक नाही बाई. तुझं तू ठरव."

चौदाव्या वर्षी बुटांवर उभी राहिले. हे बूट साटिनचे, फिकट गुलाबी, आणि त्यांचं नाक कडक असतं. सगळं अंग त्या नाकावर, अंगठ्याच्या टोकावर तोलायचं. आत बोटं सोलवटून निघतात. बाई कापूस देत होत्या, पण आईनं माझी बोटं पाहिली आणि कापूस फेकून दिला. कोकराची पहिली कातरण होते तिला जावळ म्हणतात. तेवढी मऊ लोकर मेंढराच्या अंगावर परत कधी येत नाही. आईनं ती निवडून, पिंजून, तिच्या चपट्या गाद्या केल्या आणि बुटात घातल्या. बाईंनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, "मोठ्या कंपन्यांतल्या बायका पैसे मोजून हेच विकत घेतात." आईला हे इतकं आवडलं की वस्तीत महिनाभर तोच विषय. त्यानंतर खत द्यायचं नसलं तरी ती शेडच्या दाराशी येऊन बसायची. मी टोकावर उभी राहिले की तोंडाला पदर लावायची. भीती वाटायची तिला, पण बघायचं मात्र असायचं.

मी सतरा वर्षांची असताना बाहेरदेशीच्या एका नृत्यशाळेचे दोन परीक्षक पुण्यात येणार असल्याचं बाईंना कळलं. निवडलेल्या एकीला तिथं तीन वर्षं राहणं, खाणं, शिकणं सगळं मिळणार होतं. माझ्यासारखीला दुसरी वाट नव्हती, आणि वयही हातातून चाललं होतं. बाईंनी माझं नाव दिलं. ओळखीच्या कुणाकडून नवा जोड मागवला. पंधरा दिवस मी तो रोज थोडा थोडा घालून पायाला बसवला. जुना जोड तोवर नाक मऊ पडून मेलेला होता आणि तिसरा कुठं नव्हताच.

श्रावण चालू होता. आमच्याकडं पावसात रस्ता खचतो आणि एसटी दोन-दोन दिवस वर येत नाही. म्हणून परीक्षेच्या दोन दिवस आधीच आई मला घेऊन भोंगवलीला तिच्या माहेरी गेली. तिथून किकवीला आलं की हायवे, मग पुण्याची गाडी कधीही मिळते. माझे मामा, आप्पा, घोंगड्या विणायचे. घराच्या पडवीत खड्ड्याचा माग, त्याचा खटखट आवाज दिवसभर, आणि ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, लावायच्या खळीचा आंबूस वास. ही खळ चिंचोक्यांची. चिंचोके भाजायचे, टरफलं काढायची, भिजवून वाटायचे आणि शिजवायचे. ती चिकट खळ लोकरीच्या ताण्याला लावली की वाळल्यावर धागा तारेसारखा होतो.

परीक्षेच्या आदल्या दिवशी, आठ दिवसांनी ऊन पडलं. मी मामीबरोबर शेतावर गेले होते. दुपारी परत आले तर अंगणातल्या दोरीवर माझे बूट टांगलेले, नाकातून पाणी गळतंय. आईनं ते गरम पाण्यात रिठा घालून धुतले होते. नुसते धुतले नव्हते, दगडावर आपटून वरचा मळ काढला होता. साटिन कसं लख्ख निघालं होतं! ती हौसेनं मला म्हणाली, "बग की, कसं नव्यावानी झालं. पार मळलं व्हतं, रगताचं डागबी व्हतं. परक्या मानसांम्होरं असलं घालून कशी गेली असतीस?"

मी बूट हातात घेतला. नाक दाबलं तर चिंधीसारखं आत गेलं. ते नाक म्हणजे काय, तर कापडाचे आणि कागदाचे थर, पिठाच्या गोंदात बसवलेले. पाण्यात सगळं विरघळलं होतं. आईला हे कोण सांगणार? तिच्या लेखी घाण झालेली वस्तू धुवायची असते आणि ऊन पडलं की वाळवायची असते. मी त्या वेळी तिला काय काय बोलले ते सगळं इथं लिहिणार नाही. "तुला कुणी सांगितलं हात लावायला?" हे त्यातलं सगळ्यात सौम्य. माग थांबला. आप्पा बाहेर आले, मामी दारात थिजली. आई दुसरा बूट हातात घेऊन उलटसुलट करत राहिली आणि मग अगदी हळू म्हणाली, "खळ व्हती व्हय ह्याच्यात?"

 तिनं नाकाच्या आत बोट घालून चाचपलं, बोट जिभेला लावलं. "पिठाची हाय. आप्पा, तुजी खळ शिजलीया का?"

आप्पा म्हणाले, "उंद्याच्या ताण्याला करून ठिवलीया. पर आक्के, त्यो बूट हाय, घोंगडं न्हाई."

"माज्या पोरीचा पाय हाय त्यो," आई म्हणाली. "आन जरा."

तिनं आप्पांचं एक जुनं मऊ धोतर फाडून पट्ट्या केल्या. मला ओट्यावर बसवलं, ओला बूट माझ्या पायात चढवला आणि पाय स्वतःच्या मांडीवर घेतला. मग दर वेळी बूट उतरवून एकेक पट्टी खळीत बुडवून नाकाच्या आत बसवत गेली आणि परत पायात चढवत गेली. प्रत्येक बोटाशी थांबायची. "हितं दाबतंय का? हितं?" मी फक्त मान हलवायची. तिच्याकडं बघतही नव्हते. दिवस मावळेपर्यंत तिनं दोन्ही बूट केले, मग आतलं माप मोडू नये म्हणून लोकरीचे बोळे भरले आणि चुलीपासून हातभर लांब ठेवले, तडकू नयेत म्हणून. मी जेवले नाही. तीही जेवली नसणार, पण ते तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही. सकाळी बूट हातात घेतले तर नाकं अशी कडक की मी जमिनीवर ठोकून पाहिली आणि टक टक असा आवाज आला. फिकट गुलाबी साटिनवर खळीचे पिवळट ओघळ तेवढे दिसत होते. "टिकतंय बग," आई म्हणाली, "घामानं जरा मऊ पडंल, पर सोडायची न्हाई." मी पिशवी उचलली आणि तिच्या पाया न पडता निघाले.

आता खरं काय घडलं ते लिहिते. पुण्यातल्या त्या हॉलमध्ये मी नवरीचा नाच पहिल्यापासून शेवटपर्यंत केला. एकदाही पाय घसरला नाही. शेवटी एका पायाच्या टोकावर उभं राहून हळूहळू वळायचं असतं, तिथं मार्गासनीहून परस्पर आलेल्या बाई श्वास रोखून बसल्या होत्या. मी वळले आणि उभी राहिले, आणि मनात आलं की आता उतरूच नये. बूट दगडासारखे होते. परीक्षकांमधल्या एका पिकल्या केसांच्या बाईंनी नंतर कौतुकानं माझ्या बुटावर नखानं टकटक केलं आणि हे कशाचं म्हणून विचारलं. मग त्यांनी मला जमिनीवर निजवलं. गुडघे वाकवून बाहेरच्या बाजूला दाबून पाहिले, बाजारात मेंढरू घेताना गिऱ्हाईक पाहतं तसे. दोघं आपसात बोलले. दमयंतीबाईंनी मला बाजूला नेऊन सांगितलं. माझे खुबे मुळातच बंद आहेत. पाय जिथून उघडायला हवेत तिथून उघडत नाहीत, मी ते गुडघ्यांतून ओढून आणते, आणि असंच चालू राहिलं तर तिशीत गुडघे जातील. नाच चांगला आहे. शरीर ह्यासाठी नाही.

"मला हे दिसत होतं," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. "मला वाटलं, त्यांना दिसणार नाही." मला त्यांचा राग आला नाही. कुणाचाच आला नाही, हेच वाईट झालं. सगळा राग माझ्याच हाडांवर होता, आणि ती हाडं बरोबर घेऊन मी किकवीच्या गाडीत बसले. बाई त्यांच्या जीपनं मार्गासनीला गेल्या.

किकवीला उतरले तर आई स्टँडवर उभी. दुपारपासून उभी होती असं तिथल्या वडापाववाल्यानं मला सांगितलं. अंगावरचं लुगडं अर्धं भिजलेलं. ती धावत आली, आणि तिनं निवड झाली का असं विचारलं नाही. तिनं विचारलं, "बूट टिकलं का गं?"

एवढंच विचारलं. मी हो म्हणाले असते तर पुढचं सांगावं लागलं असतं. माझं शरीरच चुकीचं आहे, सहा वर्षं वाया गेली, हे त्या स्टँडवर मोठ्यानं उच्चारावं लागलं असतं. मी म्हणाले, "न्हाई. मदीच फुटलं."

तिचा चेहरा मला अजून दिसतो. तिनं माझ्या हातातली पिशवी घेतली आणि पुढं चालायला लागली.

त्यानंतर आई पोल्ट्रीच्या शेडकडं कधी गेली नाही. बाईंना तोंड कसं दाखवू म्हणायची. खताची पोती आबा पोचवायचे. त्यामुळं बाईंना माझं खोटं कधी कळलं नाही आणि आईला खरं सांगायला तिसरं कुणी उरलं नाही. सोयऱ्याधायऱ्यांत विषय निघाला की आई स्वतःच म्हणायची, "म्याच वाटोळं केलं पोरीचं. आडानी मानूस, काय कळतंय मला?" मी तिथंच बसलेली असायचे. घरात माझी साधी ओढणी धुवायची तरी आधी विचारायची, "हे धुतलं तर चालंल का गं?" ह्या वाक्यानं मी किती वेळा घराबाहेर निघून गेले असेन त्याला गणती नाही. दर दिवाळीला मी ठरवायची की आता सांगायचं, आणि दर भाऊबीजेला न सांगताच एसटीत बसायची. खोटं बोलायला मला एक क्षण पुरला होता. ते मागं घ्यायला वीस वर्षं पुरली नाहीत. भित्री होते मी, दुसरा शब्द नाही.

नाच मात्र मी सोडला नाही. तो का सुटला नाही, ह्याचं मलाच नवल वाटायचं. मुंबईत एका लहानशा मंडळीत शिरले. कधी झाड झाले, कधी धुकं, कधी दरबारातली बाई. सतत मागच्या रांगेत. परीक्षक बाईंचं भाकीत खरं ठरलं आणि तेहतिसाव्या वर्षी गुडघे गेले. आता पुण्यात लहान मुलींना शिकवते. त्यांचे खुबे मी पहिल्याच दिवशी पाहते आणि आईबापांना स्पष्ट सांगते. काही जणी तरीही शिकतात.

गेल्या माघात आई गेली. दोनच दिवस अंथरुणावर होती, मी पोचेपर्यंत बोलणं बंद झालं होतं. तेरावा आटोपला, पाहुणे पांगले. सकाळी आबा अंगणात एका मेंढीचे वाढलेले खूर कापत बसले होते आणि मी तिचं डोकं धरून समोर. मला आत काही मावेना. मी म्हणाले, "आबा, ते बूट फुटले नव्हते."

आबांनी मान वर केली नाही. "ठावं हाय," म्हणाले.

"कुणी सांगितलं?"

"तुज्या आयनं. भोंगवलीस्नं घरी आल्याव म्हनली. तू निजल्याव तिनं पिशवीतनं बूट काडलं व्हतं, वाळवाया. हात लावून बगितलं. म्हनली, आवो, खळीनं धरलंय, कुटं भेग सुदिक न्हाई. पोरीचं कायतरी दुसरंच इस्कटलंय."

माझ्या हातातून मेंढीचं डोकं सुटलं. आबांनी ते परत माझ्या हातात दिलं. मी विचारलं, "मग ती बोलली का नाही? जन्मभर लोकांत दोष का घेतला?"

"म्याबी तिला तेच इचारलं," आबा म्हणाले. खूर कापायचे थांबले. "तर म्हनली, ऱ्हाऊ द्या. तिला माज्यावर रागवू द्या. सोतावर रागावली तर पोरगी परत नाचायची न्हाई."

मी त्यानंतर सोळा वर्षं नाचले. त्यातला एकही नाच तिनं पाहिला नाही, आणि "आये, तू बघाया ये" असं मी तिला एकदाही म्हणाले नाही.